पिंगुळीला तासभर की दोन रात्री? आमच्या घरच्या ग्रुपवरची चर्चा

नानाकाका: तिकिटं काढायला बसलोय, म्हणून शेवटचं विचारतो. शुक्रवारी रात्रीची तुतारी एक्स्प्रेस, शनिवारी सकाळी कुडाळला उतरायचं. पिंगुळीला तासभर चित्रं आणि बाहुल्या, तिथून मालवण, सिंधुदुर्ग किल्ला, मुक्काम तारकर्लीला. रविवारी सावंतवाडीचा राजवाडा बघून रात्रीच्या गाडीनं परत. काही बदल?

दादा: एकदम फिट. काढून टाका.

आत्या: मला चालेल. गाडी बारानंतर सुटते, तारीख शनिवारची टाका हं नाना. मागच्या वेळी गोंधळ झाला होता.

मी: काका, थोडं थांबाल का? मला बदल हवाय. लांबलचक लिहितेय, पण वाचा सगळे.

मी: जानेवारीत मी पिंगुळीला गेले तेव्हा माझाही बेत तासाभराचाच होता. तिथे गुढीपूरला ठाकर आदिवासी कला आंगण आहे. परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गुरांच्या गोठ्यात हे संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोऱ्यांवर लटकणाऱ्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या, भिंतीवर चित्रकथीची, म्हणजे चित्र दाखवून गाऊन सांगायच्या कथेची, चित्रं. मी सगळं बघितलं, भरपूर फोटो काढले आणि अर्ध्या तासात बाहेर आले. मनात म्हटलं, छान होतं, झालं बघून.

निघताना सहज विचारलं की ही चित्रं पाठीला पाठ लावून का चिकटवलीत. त्या एका प्रश्नाचं उत्तर संध्याकाळपर्यंत चाललं.

चित्रकथीची चित्रं भिंतीसाठी नसतातच. ती पोथीची पानं असतात. पोथी म्हणजे एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा. एक बाजू दाखवून, गाऊन झाली की पान उलटायचं, मागे पुढचा प्रसंग तयार. म्हणजे क्रम सुटला की गोष्ट सुटली. आम्हाला दाखवायला तिथल्या कलाकारांनी पोथी काढली. एकाने वीणा घेतली, एकाने हुडूक म्हणजे छोटं चर्मवाद्य, एकाने टाळ. पान समोर उभं केलं आणि गायला लागले. चित्रात दोन योद्धे नुसते समोरासमोर उभे, ते मोठे मोठे डोळे, हातात धनुष्य. सकाळी मी त्याच चित्राचा फोटो काढला होता आणि पुढे गेले होते. आता तेच चित्र समोर असताना हुडूक जलद झाला, आवाज चढला, आणि मला बाण सुटलेला दिसला. चित्रात तो सुटलेला नाहीये. मी नंतर फोटो पुन्हा बघितला.

हे तासाभरात होत नाही, काका. एवढंच म्हणणं आहे. मालवण, तारकर्ली पुन्हा कधीही करू. या वेळी दोन रात्री पिंगुळीच्याच आसपास राहू या.

दादा: लिहिलंयस छान. पण दोन दिवस गावात करायचं काय? खेळ दोन तास चालेल, धरून चालू तीन. बाकीचा वेळ?

मी: बाकीचा वेळ चालायचं, बसायचं, जेवायचं, झोपायचं. राऊळ महाराजांच्या मठात जाऊ. सकाळी घावणे, दुपारी काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी. पहिल्या दिवशी पोथी ऐकली की दुसऱ्या दिवशी संग्रहालयातली तीच चित्रं परत बघायची. मला तेच करायचं होतं आणि माझी परतीची गाडी होती.

दादा: मला दुसरीच अडचण वाटते. ती त्यांची घरं आहेत. आपण अकरा जण. आपल्याला निवांत बसायचंय म्हणून त्यांनी दोन दिवस आपल्याभोवती का फिरायचं?

मी: हे बरोबर आहे तुझं. मी लिहिताना हा विचार केला नव्हता. मग असं करू: मुक्काम कुडाळला हॉटेलात करू, पिंगुळी तिथून ३-४ किलोमीटरवर आहे. आधी फोन करून त्यांना कुठला वेळ सोयीचा ते विचारू, खेळाचे ते सांगतील ते पैसे देऊ, घासाघीस अजिबात नाही. बोलावलं तेवढा वेळ जायचं. आणि कुणीही पूर्ण खेळाचा व्हिडिओ काढायचा नाही.

दादा: ओके. मग माझी हरकत नाही.

वहिनी: माझी आहे 🙂 चिरंजीव सात वर्षांचे आहेत. आख्यान ऐकत बसतील?

मी: चित्रकथी तो कदाचित नाही ऐकणार. पण छायाबाहुल्यांच्या वेळी त्याला पडद्यामागे उभं राहू देतात का ते विचारू. पांढरं कापड, मागे दिवा, मध्ये बाहुली. बाहुली कापडाला टेकवली की सावली रेखीव. दिव्याकडे सरकवली की सावली मोठी होते आणि कडा विरघळतात. राक्षस मोठा करायचा तो असा. त्याच्या हातात एकदा बाहुली आली की तो तुला जेवायलाही हाक मारणार नाही.

वहिनी: मग जमलं.

आत्या: अगं, पुण्याला केळकर संग्रहालयात अशीच चित्रं बघितली होती मी. तिथे पैठणी चित्रं म्हणाले होते. हीच का ती?

मी: हो आत्या, तीच परंपरा. संग्रहालयाच्या दिनकर केळकरांना ती पैठणला मिळाली, म्हणून ते नाव पडलं. त्याच शैलीतली चित्रं पिंगुळीच्या पोथ्यांत आहेत. आणि चित्र दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख थेट 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात आहे, म्हणजे बाराव्या शतकात. पिंगुळीच्या ठाकर आदिवासींना पुढे सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता, देवळांतून खेळ व्हायचे.

नानाकाका: सावंतवाडी तरी ठेवायची की नाही? गंजिफा, ते हाताने रंगवलेले पत्ते, बघायचेच आहेत मला.

मी: ठेवू या, शनिवारची दुपार. कुडाळहून वीसेक किलोमीटर आहे. पण काका, तिथेही तेच. दशावतारी गंजिफाची १२० गोल पानं, दहा अवतार, प्रत्येकाची बारा. दुकानातून डबा घेऊन निघालो तर ते नुसते पत्ते. राजवाड्यात कारागीर रंगवत असतील तर एक पान होईपर्यंत शेजारी उभं राहायचं. ही कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी जुन्या चिताऱ्याकडून स्वतः शिकून घेतली, म्हणून आज ती बघायला मिळते.

नानाकाका: एक पान म्हणजे किती वेळ?

मी: कशाला मोजायचं, काका. दुपार आपलीच आहे.

आई: मी लिहितेय, पण बोलतायत आजी. मगाचपासून सगळं वाचून दाखवतेय त्यांना. म्हणतात, "माका अजून आठवता." लहानपणी जत्रेत ठाकरांचा खेळ लागला की सगळी मुलं गोधड्या घेऊन देवळात. रामाचं आख्यान. एकदाही शेवटपर्यंत जाग राहिली नाही. दरवेळी वनवासापर्यंत ऐकलं आणि झोप लागली. सकाळी आईने उठवलं की विचारायचं, सीता सापडली का.

आत्या: आजी 🙏

दादा: आजी, हे कधी बोलली नाहीस तू!

आई: "कोणी विचारलंत नाय," म्हणतात.

मी: आजी, तुझ्या देवळात खेळ किती वेळ चालायचा?

आई: म्हणतात, सुरू व्हायचा तेव्हा जेवणं झालेली असायची आणि संपायचा तेव्हा कोंबडा आरवलेला. आणि म्हणतात, "माका येवचा आसा." गुडघ्याचं मी त्यांना सांगितलं. म्हणाल्या, बसूनच तर ऐकायचंय.

नानाकाका: झालं तर मग. गुरुवारी रात्री निघू, शुक्रवारची रजा ज्याची त्याने टाकावी. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री कुडाळला, रविवारी संध्याकाळची गाडी. किल्ला आणि तारकर्ली रद्द. आजीसाठी खालचा बर्थ.

वहिनी: दोन खालचे घ्या काका, शेजारी मी झोपते.

मी: काका, तिथे फोन मी करते उद्या. विचारते की पूर्ण रामाचं आख्यान ऐकवतील का, आणि त्यासाठी रात्री कधी यायचं. आजी, तुला दुपारी झोपवून नेणार आहे.

आई: म्हणतात, गोधडी घेऊन ठेवा.