सिलिकॉन कार्बाइड: घनता वाढली, पण रिंगा लवकर तुटालेत, का?

उद्यमबागकर:
नमस्कार मंडळी. आमी पंपाच्या मेकॅनिकल सीलच्या (फिरत्या दांड्याजवळची गळती थांबवणाऱ्या) रिंगा करालोय, अल्फा सिलिकॉन कार्बाइड पावडर, त्यात 0.5 टक्के बोरॉन आणि 2 टक्के कार्बन, ग्राफाइट फर्नेसमदी आर्गॉन गॅसखाली भाजतो. 2100 डिग्रीला तासभर ठेवल्यावर घनता 3.12 (ग्रॅम/घन सेमी) आली. छिद्रं नसलेल्या मालाच्या 3.21 च्या आजून जवळ जाऊया म्हणून 2200 ला दोन तास ठेवलं, 3.15 झाली खरं, पण रिंगा आधीपेक्षा कमी लोडला तुटालेत आणि ग्राइंडिंगला कडेचे टवके उडालेत. हार्डनेस जवळपास तेवढाच हाय. असं का व्हायलंय?

निपाणीकर_मटेरियल:
दाणे वाढलेत भावा. 2200 ला दोन तास म्हणजे लई झालं, शेवटची थोडी छिद्रं बुजतात पण त्याच वेळात काही दाणे बाकीच्यांना गिळून लांबट पट्ट्या होतात, आणि ताकद सरासरी दाण्यावर नसते, सगळ्यात मोठ्या दोषावर ठरते, मग तो दोष म्हणजे छिद्र असो नाहीतर असला मोठा दाणा. हार्डनेसला ते कळत नाही. एक रिंग पॉलिश करून उकळत्या मुराकामीत (दाण्यांच्या सीमा खाऊन उठावदार करणारं अल्कलीचं द्रावण) एचिंग करा आणि मायक्रोस्कोपखाली बगा, पट्ट्या लगेच दिसतील.

खानापूरकर_ताई:
दादा, वर जायच्या आधी 1400-1500 च्या दरम्यान व्हॅक्यूममदी थांबता काय? पावडरच्या कणांवर सिलिकाचा पातळ थर असतोच, कार्बन घालतो तो त्याच्यासाठीच, दोघांची रिॲक्शन होऊन कार्बन मोनॉक्साइड निघतो. छिद्रं उघडी हायत तोवर तो बाहेर पडू दे, मग आर्गॉन सोडून वर न्या. थर राहिला तर कण नुसते जाड होतात, रिंग आकसून घट्ट होत नाही. माझं मत, 2200 सोडा, हा थांबा नीट करा आणि 2100-2150 वरच भागवा.

गोकाककर:
ॲल्युमिना-यिट्रिया ही दोन ऑक्साइडं घालून 1900 च्या आसपास करा की, त्यांचा द्रव होतो, दाण्यांच्या सीमेवरनं चीर वळत जाते, टफनेस वाढतो.

निपाणीकर_मटेरियल:
बरोबर हाय, पण सील कशाला लावणार ते आधी विचारा की. सीमेवरचा तो ऑक्साइड गरम अल्कलीत नाहीतर कडक ॲसिडमदी खाल्ला जातो. साध्या पाण्याला चालेल, केमिकल पंपाला बोरॉन-कार्बनवालंच ठेवा.

उद्यमबागकर:
केमिकल पंपच हायत. 1400 ला थांबतच नव्हतो ताई, सरळ वर नेत होतो. किती वेळ थांबू?

खानापूरकर_ताई:
घड्याळ बगू नका, व्हॅक्यूम गेज बगा. गॅस निघताना प्रेशर चढतं, ते उतरून स्थिर झालं की पुढं चला. जाड रिंगेला जास्त लागेल.