घाट शेवटी येतो : बेळगावकडच्या ब्रेव्हेंचे अनुभव

आपलं बेळगाव घाटमाथ्यावर. त्यामुळे कोकणच्या बाजूची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलस्वारी) असली की सकाळचे ताजे पाय उतारावर नुसतेच बसून राहतात आणि सगळा चढ दुपारनंतर, पाय संपल्यावर समोर येतो. आंबोली उतरा नाहीतर चोर्ला, हिशेब तोच. नवीन लोकांसाठी : बीआरएम, म्हणजे हीच ब्रेव्हे, शर्यत नव्हे, नंबर कुणालाच नाही. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. या वेळेत (कटऑफच्या आत) आलात की झालं. पंक्चर आपलं आपण काढायचं. तर ज्यांनी परतीचा घाट चढलाय, किंवा चढता चढता सोडलाय, त्यांनी लिहा. सायकल कितीची घेतली यावर आधीच भरपूर लिहून झालंय.

सुरुवात माझ्यापासून. पहिली २००, बेळगाव–सावंतवाडी–बेळगाव, सकाळी ६ ला सुटलो. हिंडलगा, बाची, मग शिनोळी आलं की पाट्यांवरचं कन्नड संपतं आणि आपण महाराष्ट्रात. आंबोलीला दाट धुकं. खाली घाटात कितीतरी वेळ पेडल मारलंच नाही, ब्रेक दाबून बोटं मात्र आखडली. सावंतवाडीच्या कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी) कार्डावर शिक्का घेतला तेव्हा पावणेअकरा, म्हणजे चांगलाच पुढं होतो. तिथं माती खाल्ली. खुर्चीत टेकून मासे-भात जेवलो. (सावंतवाडीपर्यंत जाऊन केळी खाऊन परत यायचं म्हणजे तरी कसं?) दाणोली सोडली आणि मासे पोटात पोहायला लागले. सगळ्यात हलका गिअर कधीच लागलेला, तरी बोट पुन्हा पुन्हा शिफ्टरवर जायचं, अजून एखादा शिल्लक असेल म्हणून. दोन वळणं तर ढकलतच चढवली. धबधब्यापाशी भजीवाल्या मावशींनी विचारलं, ‘मरूक इलस काय रे?’ आणि न मागता लिंबू-मीठ-पाणी दिलं. वर पोचल्यावर वाटलं, सुटलो. पण चंदगड, हलकर्णी फाटा असं पुढंही एक उतार, एक चढ चालूच. संध्याकाळी ७ वाजून ११ मिनिटांनी आत आलो, १९ मिनिटं राखून. घरी बायकोचा पहिला प्रश्न : कितवा आलास?

खानापूरहून, पेशानं शिक्षक
मी चोर्ल्यात सोडली, तेही लिहायला पाहिजे. ३०० होती. साखळी, केरी इथपर्यंत ठीक. मग घाटात ऊन आणि बाटल्या रिकाम्या. खिशात इलेक्ट्रॉलची पुडी होती, विरघळवायला पाणी नव्हतं. गोव्याची हद्द संपेपर्यंत पोटऱ्यांत गोळे आले. कणकुंबीला माउलीच्या देवळाच्या पायरीवर बसलो. मलप्रभेचा उगम इथलाच, पाणी मिळालं. पाय काही परत मिळाले नाहीत. सोडताय तर आयोजकांना कळवावं लागतं, नाहीतर ती माणसं रात्रभर शोधत बसतात. माझ्या फोनला रेंज नव्हती, म्हणून एका टेम्पोत सायकल टाकून जांबोटीला आलो आणि तिथून फोन केला. टेम्पोवाला पैसे घेईना. ‘सर, माझ्या पोराला तुम्हीच गणित शिकवताय की वो.’ गणित! मला तासाला १५ किलोमीटरचं जमलं नव्हतं.

शहापूर, बेळगाव
बायकांपैकी कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. चढ किती आहे हे मी नंतर बघते. आधी बघते कंट्रोल कुठं आहेत. चहाच्या टपरीवरचा कंट्रोल पुरुषांना चालतो, मला पेट्रोल पंप लागतो. एका ब्रेव्हेला सलग दोन कंट्रोल टपरीवर होते. मी पाणीच कमी प्यायले आणि घाटात डोकं धरलं. आयोजकांना सांगितलं, पुढच्या वेळी एक बदलला.

गव्याचं विचारत असाल तर हो, भेटला. जांबोटीच्या अलीकडे, रात्री साडेनऊ, ३०० चा शेवटचा टप्पा. दिव्यात दोन डोळे चमकले. सोबतच्या काकांनी हळूच दिवा खाली वळवला आणि आम्ही दोघं थांबलो. तोही थांबला. दहा मिनिटं तरी गेली असतील. कटऑफची घाई फक्त आम्हाला.

निपाणी
आमच्या तवंदी घाटाचं कौतुक नको, तो लहान आहे. भीती उसाची. गळीत हंगामात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना लाल पट्टी. अंधारात ट्रॉली दिसते तेव्हा उसाचे शेंडे हाताच्या अंतरावर असतात. हायवे म्हणून ४०० सोपी समजू नका. संकेश्वरजवळ पहाटे ३ ला मी पेडल मारता मारता झोपलो, पांढऱ्या पट्टीवरून चाक खाली गेलं तेव्हा जाग आली. ढाब्यावरच्या माणसानं विचारलं, ‘ऊटा आतेन्री?’ (जेवण झालं का?) मी झोपेत ‘हो’ म्हणालो. त्यानं तोंडाकडं बघितलं आणि भात-सांबार आणून ठेवला.

हिंडलगा
मी सायकल चालवत नाही, पाटणे फाट्यावर शिक्के मारतो. कार्डावर वेळ लिहायची, शिक्का द्यायचा, पुढं पाठवायचं. येणारा माणूस आधी पाणी मागत नाही, ‘किती वेळ राहिला?’ विचारतो. एकजण फारच खचलेला दिसला, म्हणून धीर द्यायला म्हटलं, आता बेळगावपर्यंत उतारच आहे. मधले चढ माझ्या लक्षातच नव्हते, मी मोटरसायकलवरून जातो ना. रात्री शेवटच्या कंट्रोलवर तो वेळेत आला आणि आल्या आल्या विचारलं, ‘तो पाटणे फाट्यावरचा कुठाय?’