रुबिस्को कार्बन 'फिक्स' करतं : मराठीत काय करतं?

तापीकाठ : भाचीच्या बारावीच्या टिपणांचं मराठी करतोय. रुबिस्को हे पानातलं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन. ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन पकडून साखरेला जोडतं, त्याला 'फिक्स' करणं म्हणतात. 'फिक्स'ला पुस्तकी शब्द 'स्थिरीकरण'. आबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "हवा काय पळी राहिनी का रे?" दुसरा शब्द सुचवा.

शुद्धमती : नत्र स्थिरीकरण चालतं, मग हे का नको? आणि कार्बन नव्हे, कर्ब. एन्झाइम नव्हे, विकर.

केळीबाग : कर्ब आमच्या माती परीक्षणाच्या कागदावर असतोच, 'सेंद्रिय कर्ब'. पण तो शेणखताचा, जमिनीतला. हवेतल्याला इथे कुणी कर्ब म्हणत नाही.

जुनी_वही : विकर म्हणजे विकाराचा भाऊ वाटतो. आमच्या वेळी 'वितंचक' होतं. संस्कृतात आतंचन म्हणजे विरजण. थेंबभर घातलं की पातेलंभर दूध विरजतं.

केळीबाग : विरजणात जिवंत जंतू असतात हो. रुबिस्को नुसतं प्रथिन.

शुद्धमती : 'रुबिस्को' तरी कशाला ठेवायचं?

तापीकाठ : ते नावच थट्टेतलं आहे. 1979 साली या प्रथिनाचे संशोधक वाइल्डमन यांच्या निवृत्तीच्या वेळी आयझेनबर्ग या शास्त्रज्ञांनी 'नॅबिस्को' या बिस्किट कंपनीच्या चालीवर ठेवलं. वाइल्डमन तंबाखूच्या पानातलं हे प्रथिन खाण्याजोगं करू पाहत होते. त्याचं काय भाषांतर करू?

कळण्याची_भाकर : 'जिरवणे' घ्या. पाणी जिरवतो तसा कार्बन जिरवायचा.

जुनी_वही : जिरवणे म्हटलं की मला गावातली भांडणं आठवतात.

तापीकाठ : जिरलेलं दिसत नाही, इथे तर साखर होते. रुबिस्को पाच कार्बनांच्या साखरेला हवेतला एक जोडतं आणि तीन-तीनाचे दोन तुकडे पडतात. म्हणून मला 'सांधणे' बरं वाटतंय. शिवाय दादरीत, मक्यात कार्बन आधी दुसरंच एन्झाइम धरतं, पेप कार्बॉक्सिलेज. मग तो शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन सोडला जातो आणि तिथे रुबिस्को पुन्हा पकडतं. एकदा धरलेलं सुटतं, त्याला 'स्थिर' कसं म्हणू?

केळीबाग : आणि केळीत?

तापीकाठ : केळीत, कपाशीत ही सोय नाही. रुबिस्को थेट हवेतून घेतं आणि उन्हाळ्यात कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनलाही हात घालतं. केलेली मेहनत थोडी वाया जाते.

केळीबाग : म्हणजे आमची केळी अडाणी आणि दादर शहाणी? रावेरला येऊन बोला.

चाळकरी : मध्येच विचारतो, दादर म्हणजे जिना ना? पानात जिना कुठून आला?

कळण्याची_भाकर : अहो, दादर म्हणजे रब्बीची ज्वारी! मुंबईच्या बाहेर कधी पडला नाहीत का?

जुनी_वही : थांबा, दोन्ही दादरांचं मूळ एकच असावं. ताटाला पेरं असतात, जिन्याला पायऱ्या…

शुद्धमती : काहीही.