सी प्रोग्रॅममधली चूक शोधायला जीडीबी कसं शिकावं? खर्च शून्य, रॅम ४ जीबी

रानवारा:
दूध संकलन केंद्राचा सीमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम माझ्याकडे देखभालीला आलाय. मूळ लिहिणारे आता उपलब्ध नाहीत. उबंटू, जीसीसी कंपायलर, साधा इंटेलचा लॅपटॉप. तक्रारी दोन. एखाद्या सभासदाचं एकूण दूध ३०० लिटरवरून आपोआप २५६ होतं. आणि सरासरी फॅट काढताना प्रोग्रॅम कधीकधी ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’ दाखवून बंद पडतो. जागोजागी प्रिंटएफ टाकले, तरी आकडा नेमका कुठे बदलतो ते कळत नाही. जीडीबी हा डीबगर, म्हणजे चालता प्रोग्रॅम थांबवून आतले आकडे पाहायचं साधन, नीट शिकायचाय. पैसे घालायचे नाहीत, लॅपटॉपही बदलायचा नाही.

तंत्रवेडा:
सरळ सीलायन घ्या, कोड लिहायचं आणि डीबगिंगचं सॉफ्टवेअर. समासात क्लिक केलं की ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबायची खूण), बाजूला सगळे व्हेरिएबल्स. ४ जीबीत रखडेल, त्यामुळे आधी रॅम १६ करा. दोन्ही पैसे वसूल होतात.

घाटमाथा:
फ्लोटिंग पॉइंटचा, म्हणजे दशांश आकड्यांचा घोळ आहे. सगळे फ्लोट बदलून डबल करा.

जुना_लिनक्सवाला:
नाही हो. नाव फ्लोटिंग पॉइंट असलं तरी लिनक्सवर हा संदेश बहुतेक वेळा पूर्णांकाला शून्याने भागल्यावर येतो. फ्लोटला शून्याने भागलं तर प्रोग्रॅम पडत नाही, उत्तर ‘इन्फ’ (अनंत) किंवा ‘नॅन’ (आकडाच नाही) येतं. म्हणजे भागाकारात लिटरचा आकडा शून्य झालेला असणार.

रानवाराताई, आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर रोमनमध्ये टंका. आधी मेकफाइलमध्ये ‘-जी’ (डीबगरसाठीची माहिती) घाला, ‘-ओ२’ (वेगासाठी कोडची फेरजुळणी) काढून ‘-ओ०’ करा, मग ‘मेक क्लीन’ करून सगळं पुन्हा बांधा. क्लीन टाळलं तर जुन्या ऑब्जेक्ट फाइली तशाच राहतात आणि त्या फाइलींमधल्या ओळी जीडीबीला दिसत नाहीत. ‘-ओ२’ ठेवलंत तर अर्ध्या व्हेरिएबल्सपुढे ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ येईल आणि ‘नेक्स्ट’ दिल्यावर बाण मागेपुढे उड्या मारेल.

मग ‘जीडीबी ./दूध’, आत ‘रन’. प्रोग्रॅम पडला की जीडीबी त्याच ओळीवर थांबतो. ‘बीटी’ने कोणी कोणाला बोलावलं ते दिसतं, ‘अप’ने एक पायरी वर जाता येतं, ‘इन्फो लोकल्स’ने त्या फंक्शनमधले सगळे आकडे. पहिल्या दिवशी एवढंच करा.

क्यूपर्टिनोकर:
तसाच भागाकार माझ्या एम२ मॅकवर करून पाहिला. शून्याने भागून पडत नाही. उबंटूचाच काहीतरी घोळ असणार.

जुना_लिनक्सवाला:
उबंटूचा संबंध नाही. तुमच्या एम२सारख्या एआरएम प्रोसेसरवर पूर्णांकाला शून्याने भागलं की उत्तर गुपचूप शून्य येतं, इंटेलवर प्रोसेसर तिथेच अडवतो. तुमच्याकडे चुकीची सरासरी छापली जाईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. ते जास्त वाईट.

क्यूपर्टिनोकर:
बरं. पण मॅकवर एलएलडीबी हा दुसरा डीबगर वापरतात, जीडीबी शिकून फार उपयोग नाही.

तंत्रवेडा:
म्हणूनच म्हणतो, सीलायनमध्ये दोन्ही चालतात.

कोकणी_कंपायलर:
डीबगर नंतर शिका. ‘-एफसॅनिटाइझ=अ‍ॅड्रेस’ घालून बांधा आणि चालवा. अ‍ॅरेबाहेर लिहिलं की तिथेच ओळ क्रमांकासकट अहवाल. वेग साधारण निम्मा होतो, व्हॅलग्राइंड या मेमरी तपासायच्या साधनाइतका रडकुंडीला आणत नाही.

घाटमाथा:
+१. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर. आणि फ्लोटचे डबल कराच.

शून्याधारित:
३०० ते २५६ याकडे कोणी नीट पाहिलं का? सोळाच्या पायात ३०० म्हणजे १२सी आणि २५६ म्हणजे १००. खालची एकच बाइट पुसली गेली. २०० लिटरवाल्याची तीच बाइट पुसली की उरतं शून्य, आणि पुढचा भागाकार पडतो. दोन्ही तक्रारी एकाच चुकीच्या आहेत. एकटी शून्य बाइट लिहिते कोण? बहुधा स्ट्रिंगच्या शेवटी शून्य लावणारा कोड. स्ट्रक्टमध्ये, म्हणजे एका सभासदाची माहिती एकत्र ठेवणाऱ्या रचनेत, लिटरच्या लगेच आधी कोणतं फील्ड आहे?

रानवारा:
नाव. कॅरॅक्टर अ‍ॅरे, १६ चा. आणि आठवलं, इंग्रजी नावांच्या यादीवर हे कधीच होत नाही, मराठी नावांवरच होतं.

शून्याधारित:
मग सापडल्यातच जमा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, उकार, अनुस्वार वेगळे मोजायचे. ‘सुभाष’ची चिन्हं ५, म्हणजे १५ बाइट आणि शेवटचं शून्य धरून बरोबर १६. ‘सुनंदा’ची चिन्हं ६, म्हणजे १८ बाइट. तिथे सोळावर कापून पुढच्या जागेत शून्य लिहिलं जात असणार, आणि ती पुढची जागा म्हणजे लिटरची पहिली बाइट, इंटेलवर सगळ्यात खालची तीच.

कोकणी_कंपायलर, सॅनिटायझर इथे गप्प बसेल. तो दोन वेगळ्या व्हेरिएबल्समध्ये पहारा ठेवतो, एकाच स्ट्रक्टच्या दोन फील्डांमध्ये नाही.

कोकणी_कंपायलर:
तरी पहिलं पाऊल तेच असावं. दहापैकी नऊ चुका त्यात पकडल्या जातात.

शून्याधारित:
पण ही दहावी आहे. ‘वॉच’ वापरा. यादी वाचून झाल्यानंतरच्या फंक्शनवर ‘ब्रेक’ लावा, ‘रन’. थांबल्यावर ‘वॉच सभासद[४१].लिटर’ (४१च्या जागी बिघडणाऱ्या सभासदाचा क्रमांक) आणि ‘कंटिन्यू’. आकडा बदलला की जीडीबी जुनी आणि नवी किंमत दाखवून थांबतो. फंक्शनच्या आत पॉइंटरवरून पाहायचं असेल तर ‘वॉच -एल पी->लिटर’ द्या. ‘-एल’ विसरलात तर फंक्शन संपताच वॉच काढून टाकला जातो.

इंटेलवर असा पहारा ठेवणारी प्रोसेसरची डीबग रजिस्टर्स चारच, प्रत्येकी फार तर ८ बाइट. म्हणून अख्ख्या स्ट्रक्टवर वॉच लावू नका; तो त्यात मावला नाही तर जीडीबी एकेक सूचना पावलापावलाने चालवतो आणि वेग शेकडो पटींनी घसरतो. लावल्यावर ‘हार्डवेअर वॉचपॉइंट’ असं उत्तर आलं म्हणजे ठीक.

खात्रीसाठी ‘एक्स/२०एक्सबी &सभासद[४१].नाव’. पहिल्या १६ बाइट नावाच्या, शेवटच्या चार लिटरच्या. ठीक असेल तर २सी ०१ ०० ००, बिघडल्यावर ०० ०१ ०० ००.

जुना_लिनक्सवाला:
हेच सांगणार होतो. ‘लेआउट एसआरसी’ पण चालू करा, वर कोड दिसत राहतो.

तंत्रवेडा:
हे सगळं सीलायनमध्ये उजव्या क्लिकवर होतं.

रानवारा:
वॉच लावला, ‘जुनी किंमत ३००, नवी किंमत २५६’ असं येऊन थांबला. नाव दुरुस्तीच्या फंक्शनमध्ये. मात्र दाखवलेली ओळ फंक्शनचा बंद कंस आहे, तिथे काहीच लिहिलं जात नाही.

शून्याधारित:
लिहून झाल्यानंतर प्रोसेसर कळवतो, म्हणून बाण पुढच्या ओळीवर असतो. एक ओळ वर बघा.

रानवारा:
बरोबर. वरच्या लूपची अट ‘आय < १६’ आणि खाली नाव[आय] = ०. अट १५ करून भागलं असतं, पण मग ‘सुनंदा’चा शेवटचा काना जातो. अ‍ॅरे ६४ चा केला, अट ६३. जुनी डेटा फाइल स्ट्रक्ट जसाच्या तसा लिहून साठवलेली आहे, त्यामुळे ती नव्या आकारात बदलणारा छोटा प्रोग्रॅम आधी लिहावा लागेल.

सीलायन नको. सॅनिटायझर सध्या नको. ‘लेआउट एसआरसी’ही बंद केलं: प्रोग्रॅम मराठी नावं छापतो आणि पडदा विस्कटतो. साधं जीडीबी आणि दुसऱ्या खिडकीत एडिटर, असंच चालू ठेवणार आहे.

जुना_लिनक्सवाला:
पडदा विस्कटला तर कंट्रोल-एल दाबा, पुन्हा रेखाटला जातो. किंवा दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘टीटीवाय’ देऊन त्याचं नाव घ्या आणि ‘रन’च्या आधी जीडीबीत ‘टीटीवाय’पुढे ते लिहा. प्रोग्रॅमचं छापणं तिकडे जातं. त्या टर्मिनलवर ‘स्लीप १००००’ चालू ठेवा, नाहीतर टंकलेलं शेल पळवतं.

घाटमाथा:
आणि फ्लोट?

रानवारा:
या प्रोग्रॅममध्ये एकही फ्लोट नाही. फॅट दहाने गुणून पूर्णांकातच ठेवलाय.