गोधडीच्या वर्कशॉपची तयारी: धागा, खण आणि आतले थर, मदत हवी आहे

मंडळी, पुढच्या शनिवार-रविवारी पुण्यात हाताने गोधडी शिवायचं वर्कशॉप आहे, नाव नोंदवलंय आणि आता तयारीवर घोडं अडलंय. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाचा समाज) बायका, म्हणजे हल्याळ-यल्लापूर भागातल्या, जी कवंदी (त्यांची गोधडी) शिवतात ती पद्धत शिकवणार आहेत. आपण मशीनवर आधी तुकडे जोडून वरचा थर तयार करतो आणि मग सगळं एकत्र शिवतो, तसं त्यात नाहीच. खालचं कापड पसरायचं, कोपऱ्यापासून सुरू करायचं, एकेक तुकडा कड दुमडून ठेवायचा आणि धावदोऱ्याने कडेकडेने फिरत फिरत मध्यापर्यंत पोचायचं. कोपऱ्यांवर शेवटी दुमडलेल्या चिंध्यांची फुलं. फ्रेम नाही, पट्टी नाही, आखणी नाही. मला पाव इंचाची शिलाई जरा हलली तरी उसवायची सवय, त्यामुळे पोटात गोळा आलाय ते वेगळंच.

हातात काय काय अर्धवट आहे ते सांगते म्हणजे माझी लेव्हल कळेल. भाच्याच्या बाळासाठी लॉग केबिनचं (मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडत जायचा नमुना) दुपटं, दीड इंची पट्ट्या, शर्टांच्या कापडाचं, त्याला फक्त गोट लावायचा राहिलाय (आणि तो गोट राहिलाय म्हणता म्हणता बाळ बसायला लागलं). दुसरं, षटकोनांचं टेबल रनर, हे लोकलमध्ये करते, जुन्या लग्नपत्रिकांचे षटकोन कापून त्यावर कापड टाचायचं आणि कडेकडेने जोडत जायचं. पत्रिकेचा कागद यासाठी एकदम फर्स्ट क्लास, साधा कागद चुरगळतो. म्हणजे हाताने बारीक टाका जमतो, पण चार थरांतून जाड धागा ओढणं हे कधी केलेलं नाही.

तर प्रश्न असे. वर्कशॉपवाल्यांनी सामानाच्या यादीत नुसतं ‘जाड सुती धागा’ लिहिलंय. रिळाचा दोरा चौपदरी करून घेऊ की क्रोशाचा आणू की पर्ल कॉटन (भरतकामाचा जाडसर, चमकदार पिळाचा सुती धागा)? मेसेज केला तर ‘काहीही चालेल’ असं उत्तर आलं, याने काय कळायचं. दुसरं म्हणजे माझ्याकडे ब्लाउजमधून उरलेले खणाचे आणि इरकलीचे तुकडे ढीगभर आहेत, ते वापरायची फार इच्छा आहे पण खणाचे दोरे बघता बघता सुटतात आणि लाल इरकल रंग सोडते. मागून पेस्टिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावू का? आणि तिसरं, आतमध्ये जुन्या साडीचे किती थर? ३६ बाय ४५ इंचाचा तुकडा करायचाय, साडेपाच मीटरच्या एका साडीत असे सहा निघतात, म्हणजे साडी पुरेशी आहे, प्रश्न सुईचा आहे. बॅटिंग (आत भरायचा तयार मऊ थर) आणू नका म्हणालेत, ते बरंच, डोंबिवलीच्या उकाड्यात पॉलिएस्टर पांघरतंय कोण.

कृपया लवकर सांगा, एक रविवार काय तो खरेदीला मिळणार आहे.

प्रतिसाद १
पर्ल कॉटन ८ नंबर घ्या डोळे झाकून. चौपदरी दोरा पिळतो आणि गाठी पडतात, क्रोशाचा धागा कडक पिळाचा असतो, जुन्या साडीत बरा नाही वाटत. सुई भरतकामाची, लांबट नेढ्याची. दाभण नको, भोकं दिसतात. धागा हातभरच घ्या, लांब घेतला की ओढून ओढून झिजतो. आत दोनच थर ठेवा, वर तुकडे आणि खाली अस्तर धरून चार होतात, कडांवर दुमड आली की तिथे आणखी जाड. अंगुस्तान आधी दोन दिवस घरी घालून बसा, नाहीतर तिथे त्याच्याशीच भांडत बसाल.

प्रतिसाद २
ताई, पेस्टिंग अजिबात नको, सुई जात नाही आणि गोधडीचा मऊपणा गेला. खण कापताना दुमडीला पाव ऐवजी अर्धा इंच सोडा आणि मागे जुन्या मलमलचा तुकडा ठेवून दोन्ही एकत्रच दुमडा. टाक्यांच्या ओळी अर्ध्या इंचाच्या आत ठेवल्या की दोरे सुटायला जागाच राहत नाही. इरकलीचं: तुकडा ओला करा, वर पांढरा रुमाल ठेवा, गरम इस्त्री दाबा. रुमाल लाल झाला तर तो तुकडा या गोधडीत नको. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो म्हणतात, माझा त्यावर विश्वास नाही, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणं हाच उपाय.

धागाकर्ती (मूळ प्रश्न विचारणारी)
दोघींचेही खूप आभार! इस्त्रीची टेस्ट आत्ताच केली, हिरव्या दोन इरकली पास, लाल नापास, ती उशीच्या अभ्र्याला जाईल. पर्ल कॉटन मोहरी रंगाचं घेतेय, हिरव्यावर उठून दिसेल. आता एकच, दादर किंवा ठाण्यात ८ नंबरचे गोळे सुटे कुठे मिळतील? आमच्या इथे सगळीकडे लडीच आहेत.