पुन: निशिकसाईचा पहिला मजला, शुक्रवारपर्यंत कळवायचे आहे

प्रेषक : नवीन सभासद (मुक्काम कामेइदो)
सोमवार, रात्री ११.१०

सप्रेम नमस्कार.

तोक्योतील आपल्या मंडळाच्या कोजागिरीला ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांना आमची घराची अडचण ठाऊक आहेच, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. यूआर या निमसरकारी गृहसंस्थेच्या एका वसाहतीत तीन खोल्या आणि स्वयंपाकघर असे घर आमच्या नावाने तात्पुरते राखून ठेवले आहे आणि कागदपत्रे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्यायची आहेत. भाडे १ लाख १२ हजार येन असून निशिकसाई स्थानक पायी बारा मिनिटांवर आहे. घर पहिल्या मजल्यावर असून खिडकीसमोरच घसरगुंडी आणि वाळूचा हौद आहे. माझे कार्यालय ओतेमाचीला आहे. सौ. आणि दोन्ही मुलगे (वय ७ आणि ४) पुढच्या महिन्यात पुण्याहून येतील, त्यांच्यासोबत दोन महिन्यांसाठी आईही येणार आहे आणि तिचे गुडघे दुखतात, म्हणून एकच जिना असलेले हे घर मला सोयीचे वाटले.

दुसरे घर ग्योतोकूला खासगी मालकाचे, सातव्या मजल्यावर, ९८ हजारांचे आहे. कार्यालयाच्या जवळ म्हणून कायाबाचोकडेही चौकशी केली होती, परंतु तिथे एवढ्या पैशांत चौघांना आडवे होता येईल एवढीच जागा मिळते. निशिकसाईच्या वसाहतीत पहिल्या मजल्यावर कोणी राहिले असल्यास अनुभव कळवावा, ही विनंती.

आपल्या यादीवर स्थानकाच्या नावाने सही करण्याची पद्धत आहे असे समजले. मी अजून कुठलाच ‘कर’ नसल्यामुळे तूर्त सही करत नाही.

प्रेषक : निशिकसाईकर
मंगळवार, सकाळी ६.२५

आपण ‘पहिला मजला’ असे लिहिले आहे. जपानी लोक ज्याला ‘इक्काइ’ म्हणतात तो शब्दशः पहिला मजला असला, तरी तो आपला तळमजला असतो. आईंना एकही जिना चढावा लागणार नाही ही झाली चांगली बातमी, आणि पुढची तेवढी चांगली नाही.

निशिकसाई ज्यात येते त्या एदोगावा वॉर्डाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या वेळच्या समुद्रपातळीपेक्षा खाली आहे. २०१९ साली वॉर्डाने पुराचा नकाशा घरोघरी वाटला, त्याच्या मुखपृष्ठावर ‘येथे थांबू नका’ अशा अर्थाचे वाक्य आमच्याच वॉर्डाच्या चित्रावर छापलेले होते. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मोठे वादळ आले. दुसऱ्या दिवशी कोजागिरी होती आणि मंडळासाठी आणलेले बारा लिटर दूध आमच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात होते. सकाळीच वॉर्डाने स्थलांतराची सूचना काढली, दुपारपर्यंत गाड्याही बंद झाल्या. आम्ही पासपोर्ट, मुलीच्या वह्या आणि देव एका पिशवीत घातले आणि आठव्या मजल्यावरच्या आजींच्या दारात जाऊन उभे राहिलो. हिने मात्र दूध टाकून यायला साफ नकार दिला, त्यामुळे निम्मे दूध पातेल्यात ओतून तेही वर नेले. आजींनी पातेल्याकडे पाहिले, काही विचारले नाही, आणि शेगडीवरची किटली बाजूला केली. पाणी आले नाही. परंतु ती रात्र मी विसरलेलो नाही, आणि लहान मुले असताना तळमजला घ्यावा असे मी कुणालाही सांगणार नाही.

प्रेषक : ग्योतोकूकर वहिनी
मंगळवार, सकाळी ९.४०

भावजी, त्या दुधाची गोष्ट दरवर्षी अर्धा-अर्धा लिटरने वाढते आहे, असे आमच्या घरी मत आहे.

नवीन भावजींनी ग्योतोकूचा विचार अवश्य करावा. केवळ नदी ओलांडायची आणि सातव्या मजल्यावर उजेडात राहायचे. येथे भाजी स्वस्त आहे, रस्ते रुंद आहेत, आणि निशिकसाईसारखे सगळेच ओळखीचे नसल्यामुळे मुलांची भाषा लवकर सुधारते. आमचा मोठा सहा महिन्यांत वर्गात भांडण्याइतके जपानी बोलू लागला. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, ती अशी की हा चिबा प्रांत आहे आणि मुलांना दवाखान्यात नेले की आम्ही प्रत्येक खेपेला तीनशे येन भरतो, तर पलीकडे तोक्योत ते भरावे लागत नाहीत.

प्रेषक : कोषाध्यक्ष
मंगळवार, दुपारी १२.१५

दुधाची नोंद त्या वर्षीच्या हिशेबात दहा लिटर अशी आहे. तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.

मूळ प्रश्नाबाबत लिहितो, कारण भाड्याच्या आकड्यावरून घर निवडण्याची चूक मी स्वतः केलेली आहे. ग्योतोकूचे घर खासगी आहे. तिथे मालकाला कृतज्ञतेपोटी द्यायचे आणि कधीच परत न मिळणारे ‘रेइकिन’ एक महिन्याचे धरा, म्हणजे ९८ हजार. दलालाचे एक महिना आणि त्यावर दहा टक्के कर, म्हणजे १ लाख ७ हजार ८००. जामीन राहणाऱ्या कंपनीचे अर्धा महिना, म्हणजे ४९ हजार. हे परत न येणारे २ लाख ५४ हजार ८०० येन दोन वर्षांच्या करारावर पसरले, तर दरमहा साधारण १० हजार ६०० होतात. कुलूप बदलणे आणि आगीचा विमा मी धरलेलाच नाही, आणि दोन वर्षांनी करार पुढे चालू ठेवण्यासाठी बहुधा आणखी एक महिन्याचे भाडे मागतात. यूआरमध्ये रेइकिन, दलाली, जामीनदार आणि नूतनीकरण यांपैकी काहीही नाही, दोन महिन्यांची अनामत तेवढी आहे. म्हणजे १४ हजारांचा दिसणारा फरक प्रत्यक्षात साडेतीन हजारांच्या आत येतो, आणि दोन मुलांच्या सर्दीत त्यातलेही काही जाईल.

कार्यालय जवळ असावे या हट्टाबद्दलही एक शब्द लिहितो. गाडीचा पास येथे बहुतेक कंपन्याच देतात, त्यामुळे लांब राहिल्याने आपला वेळ जातो, पैसे जात नाहीत. निशिकसाईहून ओतेमाची एकाच गाडीने पंधरा-सोळा मिनिटांवर आहे. दिवसभर त्या वस्तीत आपण नसणार, वहिनी आणि मुले असणार. त्यांची शाळा, दवाखाना आणि वाण्याचे दुकान पायी किती लांब आहे हे आधी मोजावे.

प्रेषक : ओजिमाकर
मंगळवार, दुपारी १.०५

निशिकसाईहून ओतेमाचीला जाणाऱ्या तोझाई रेल्वेमार्गाची गर्दी कोणी सांगतच नाही, म्हणून मी सांगतो. २०१९ साली किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात सकाळची गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के मोजली गेली होती. महामारीनंतर ती उतरली असली तरी छत्री उघडी आहे की मिटलेली हे पाहण्यासाठी मान वाकवता येत नाही, अशा सकाळी अजूनही असतात. जलद गाडी उरायासूनंतर थेट तोयोचोला थांबते, म्हणजे निशिकसाईकर तिला फक्त हात करू शकतात. आमच्या ओजिमाहून दोन स्थानके जाऊन सुमियोशीला हान्झोमोन मार्ग धरला की ओतेमाची येते. यूआरची मोठी वसाहत आहे, आपली माणसे भरपूर आहेत, आणि इंडिया इंटरनॅशनल स्कूल आमच्या कोतो वॉर्डातच आहे.

प्रेषक : निशिकसाईकर
मंगळवार, दुपारी १.२०

ओजिमासुद्धा समुद्रपातळीच्या खालीच आहे, हे लिहायचे राहिले काय? ग्लोबल इंडियन इंटरनॅशनल स्कूल आमच्या वॉर्डात आहे. आपले योगेंद्र पुराणिक २०१९ साली वॉर्डाच्या सभेवर निवडून आले तेही आमच्याच वॉर्डातून, ओजिमातून नव्हे.

प्रेषक : मिनामीसुनाकर ताई
मंगळवार, रात्री ९.५०

दोन मुलगे, वय सात आणि चार. एवढे वाचल्यावर मला दुसरे काही दिसलेच नाही. भाऊ, तळमजलाच घ्या.

आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. आल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात टपालपेटीत एक पाकीट आले. आत फिकट निळ्या रेघांच्या कागदावर, सुंदर हस्ताक्षरात, ऋतूच्या उल्लेखाने सुरुवात केलेले पत्र होते आणि खाली वेळा लिहिलेल्या होत्या : सायंकाळी ६.४०, ७.१५, ७.२०, ८.०५. पत्र इतके सौजन्याने लिहिलेले होते की ही तक्रार आहे हे समजायला आम्हांला दोन दिवस आणि ह्यांच्या कार्यालयातील एक सहकारी लागला. मिठाईचा डबा घेऊन खाली गेलो, जाड चटया अंथरल्या, त्यावर गालिचा टाकला, मुलांना टाचा न टेकता चालायला शिकवले. धाकटा आता नऊ वर्षांचा आहे आणि पुण्याला आजीच्या घरीसुद्धा चवड्यांवर चालतो. त्याच्या आजीला वाटले की त्याच्या पायात काही दोष आहे.

पूर आयुष्यात एकदा येईल किंवा येणारही नाही. मुलगे दररोज संध्याकाळी पावणेसातला उड्या मारणार आहेत. खाली कोणी राहत नसणे याची किंमत महिना वीस हजार येन तरी मी लावीन.

प्रेषक : गोइकर
मंगळवार, रात्री १०.३०

ताईंशी सहमत आहे, परंतु तळमजल्याला दमटपणा फार असतो. मंडळाचे मखर आमच्याकडे ठेवले होते तेव्हा जूनमध्ये कपाटाच्या मागच्या भिंतीला काळी बुरशी आली होती, हे सर्वांना आठवत असेलच. कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावीत आणि तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर, गादी दिवसा पसरून ठेवू नये.

प्रेषक : कोषाध्यक्ष
मंगळवार, रात्री १०.४५

मखराचा विषय मागील सभेत मिटलेला आहे. तो येथे काढू नये.

प्रेषक : मुसाशीकोसुगीकर
बुधवार, सकाळी ८.१०

उंच मजला म्हणजे निश्चिंती, असा सूर दिसला म्हणून लिहितो. २०१९ च्या त्याच वादळात आमच्या स्थानकाजवळच्या ४७ मजली इमारतीच्या तळघरात पाणी शिरले आणि विजेची यंत्रणा बंद पडली. वरच्या लोकांचे घर कोरडे होते, परंतु लिफ्ट नाही, पाणी नाही आणि शौचालय वापरता येत नाही अशा स्थितीत ते होते. चाळिसाव्या मजल्यावर बादली घेऊन जाणारा माणूस तळमजल्यावरच्यापेक्षा सुखी असतो असे मला वाटत नाही.

प्रेषक : फुनाबोरीकर
बुधवार, दुपारी १२.५०

मी सहसा लिहीत नाही. सकाळपासून सगळी पत्रे वाचली. घर स्थानकाच्या कोणत्या अंगाला आहे, हे कोणीच विचारलेले दिसत नाही. कोजिमाचो की सेइशिनचो?

प्रेषक : नवीन सभासद (मुक्काम कामेइदो)
बुधवार, सायंकाळी ७.३५

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तळमजल्याचा उलगडा झाल्यावर काल रात्री झोप लागली नाही, हेही सांगून टाकतो.

पत्ता सेइशिनचोचा आहे. स्थानकापासून दक्षिणेकडे चालत जावे लागते. त्याने काही फरक पडतो का?

प्रेषक : फुनाबोरीकर
बुधवार, सायंकाळी ७.५०

पडतो. सेइशिनचो आणि त्याच्या खालचे रिनकाइचो ही समुद्रात भराव टाकून तयार केलेली उंच जमीन आहे. वॉर्डाच्या ज्या नकाशाचा उल्लेख वर झाला, त्यातच हा भाग पुराबाहेर दाखवलेला असून ज्यांना वॉर्डाबाहेर जाणे जमणार नाही त्यांनी येथे आसरा घ्यावा असे सांगितले आहे. २०१९ च्या स्थलांतराच्या सूचनेतूनही हा भाग वगळलेला होता. स्थानकाच्या उत्तरेला आणि लगत जी वस्ती आहे तिचे तसे नाही. नकाशा वॉर्ड ऑफिसमध्ये फुकट मिळतो. आपण स्वतः घराची जागा त्यावर बोट ठेवून पाहावी आणि मगच सही करावी.

कागदपत्रांबद्दल एक सूचना करते. कामेइदोचा पत्ता आपल्या निवासपत्रावर नोंदवलेला नसेल तर उद्या सकाळी तेवढे आधी करावे, कारण यूआरच्या खिडकीवर आमच्याकडे रहिवासाचा दाखला मागितला होता. नवीन घरात गेल्यावर चौदा दिवसांच्या आत पुन्हा नोंद करावी लागेल. पगाराच्या पावत्या कमी पडत असतील तर कंपनीच्या पत्रावर काम भागते का, हे दूरध्वनीवर आजच विचारावे. उत्पन्नाचा पुरावा अगदीच जमला नाही तर वर्षाचे भाडे आगाऊ भरण्याची सोय असते, पण नव्याने आलेल्या माणसाकडे तेवढे पैसे कोठून असणार.

प्रेषक : निशिकसाईकर
बुधवार, रात्री ८.३०

सेइशिनचोला आम्ही निशिकसाई म्हणत नाही. नवीन सभासदांनी पहिल्याच पत्रात पत्ता लिहिला असता तर एवढे वाचावे लागले नसते.

प्रेषक : ग्योतोकूकर वहिनी
बुधवार, रात्री ८.४५

भावजी, आपणही विचारले नव्हते.

प्रेषक : नवीन सभासद
शुक्रवार, रात्री ९.००

कागदपत्रे दुपारी दिली. कंपनीचे पत्र चालले. काल कार्यालय सुटल्यावर वसाहतीत जाऊन संध्याकाळी साडेपाच ते सव्वासात बाकावर बसलो. घसरगुंडीवर अकरा मुले मोजली, त्यांतली तीन आपापसांत मराठीत भांडत होती. वाण्याचे दुकान माझ्या पावलांनी सहा मिनिटांवर आहे.

घरात छताला दिवा नाही, शेगडी नाही आणि पडदेही नाहीत. कोणाकडे दोन चुलींची, शहरी गॅसवर चालणारी शेगडी पडून असल्यास कळवावे. सहीचे काय करायचे तेही सांगावे, कारण सेइशिनचोला स्थानक नाही.

प्रेषक : निशिकसाईकर
शुक्रवार, रात्री ९.२०

‘निशिकसाईकर धाकटे’ असे लिहीत जा. शेगडी आमच्याकडे आहे, रविवारी सकाळी हातगाडी घेऊन या. आम्ही अजून कोजिमाचोच्या त्याच तळमजल्यावर आहोत आणि आठव्या मजल्यावरच्या आजी गेल्या वर्षी मुलाकडे राहायला गेल्या. पुढचे वादळ आले तर पातेले तुमच्याकडे येईल.