घाबरलेली गर्दी अडाणी असते का?

रावपुरेकर: 'अफवेला अडाणीच बळी पडतात' हे काल बडोद्याच्या दांडिया बाजारात पुन्हा ऐकलं. मला साफ अमान्य आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग निघाला, लाखो लोक शहर सोडून गेले, बडोद्यातही धास्ती पसरली. पळणाऱ्यांत सुरतेतले कित्येक खासगी डॉक्टर होते. ते काय अडाणी? खात्रीची बातमी नसली की माणूस शेजाऱ्याकडे बघून ठरवतो. लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये खोलीत धूर सोडून पाहिला. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्क्यांनी उठून धूर येतोय असं सांगितलं. बाजूला दोघे मुद्दाम ढिम्म बसवले, तेव्हा फक्त १० टक्क्यांनी. इतर बसले की आपण बसतो, इतर पळाले की आपणही पळतो.

मांडवीची सून: काका, प्लेग खरा होता! खऱ्या रोगापासून पळणं हा भ्रम कसा? भ्रम बघायचा तर २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध प्यायले तो दिवस. सोंडेला चमचा लावला की दूध खरंच कमी व्हायचं, डोळे खोटं बोलत नव्हते. पृष्ठताणामुळे ते ओढलं जाऊन पातळ थराने मूर्तीवरून खाली उतरायचं. दिल्लीत शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून ते दाखवलंही. पायाशी कुणी बघतच नव्हतं, कारण बघायचं काय ते रांगेत आधीच ठरलं होतं.

रावपुरेकर: ताई, प्लेगचं मान्य. पण रांगेचं जे म्हणालात, तोच माझा मुद्दा.

वाडीकर: दोघांचंही ऐकवत नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा, आणि भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना ठेचून मारलं. तिथेही 'शेजाऱ्याकडे बघून' म्हणणार? दूध पाजण्यात कुणाचा जीव जात नव्हता. काठी उचलणारा हात ज्याचा त्याचाच असतो.

रावपुरेकर: शिक्षा व्हायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात मेसेज एका वेळी ५ च ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. अफवा कशी पसरते हे बघितल्याशिवाय हे सुचलं असतं का?

वाडीकर: मर्यादा मेसेजला आली, मारणाऱ्याला नाही. तिथे एक जण जरी आडवा उभा राहून 'पोलीस येईपर्यंत हात लावू नका' म्हणाला असता तर?

मांडवीची सून: तो एक जण कसा तयार होतो, यावर बोला ना. काकांच्या धुराच्या खोलीतही १० टक्के उठलेच होते.